सांग तिले

संग्रामपूरहून पूर्णेच्या अंगाला उतरत गेलं की माती काळीभोर लागते, हाताला लोण्यासारखी. पण तिच्या पोटातलं पाणी खारं. बोअर मारा, विहीर खणा, ओंजळीत येतं ते तोंड वाकडं करायला लावणारंच. आणि या पाण्याचा राग पिकापेक्षा लोखंडावर जास्त. दाराला नवी कडी लावावी, तर वर्ष फिरायच्या आत तिला तांबूस पापुद्रे सुटतात. फवारणी पंपाचा नट खोलायला जावं, तर तो नट राहिलेला नसतो, गंजाचा खडा झालेला असतो.

त्या गंजावर संघपालचं घर चालायचं. पंप, पेरणीयंत्रं, वखराच्या पासा, लोक जे गंजलेलं आणतील ते तो खोलून सरळ करी, जोडून देई. घासायचं काम त्याच्या बायकोचं, धम्मशीलाचं. लग्न होऊन आली त्या हिवाळ्यापासून ती टिनाच्या मांडवाखाली पोतं टाकून त्याच्यासमोर बसत आली होती. मध्ये रॉकेलचं घमेलं. तिनं पॉलिश पेपरनं गंज काढायचा, जवसाच्या तेलाचा बोळा फिरवायचा, आणि त्यानं मान वर न करता हात पुढे केला की त्या हातात पाना किंवा पक्कड, जे हवं ते ठेवायचं. काय हवं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. गावातल्या बायका अंगावरचे डागदागिने दाखवत, साड्या दाखवत. धम्मशीलाकडे दाखवण्यासारखं काही होतं तर नवऱ्याचा तो न बघता पुढे आलेला हात.

मग महामाया आली.

महामाया म्हणजे तिची धाकली जाऊ, संघपालच्या भावाची, प्रसेनजितची बायको. दोघं वाळूजला राहत. ती तिथं एका कारखान्यात होती, नट-बोल्टांवर जस्त चढवायच्या हौदांवर. कारखान्याला कुलूप लागलं. प्रसेनजितला ट्रक मिळाला, तो आज नागपूर तर उद्या सुरत. एकट्या बाईनं खोलीत बसून काय करायचं, म्हणून ती एक पेटी आणि एक कुकर घेऊन घरी आली.

घरात रीत सासूची, भिमाबाईंची. बुढी दिवसभर बाजेवर बसून असे, पण तिची रीत उभी असे. धाकल्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचं नाही, भासऱ्यानं तिच्याशी नाही. मधी थोरली. बाकी गावात ही रीत कधीच उठून गेली होती, पण बुढीच्या अंगणात ती तिच्या बाजेसारखीच ठाण मांडून होती. मग तिघं एकाच अंगणात, एकमेकांना धडधडीत ऐकू येत असताना, असं चाले:

"इचार तिले, च्या झाला का."

"झाला का वं?"

"त्यायले सांगा ताई, उतू गेला. पुन्हा ठेवला."

"उतू गेला म्हणते."

"आयकलं मी," संघपाल म्हणे, आणि पुढचं वाक्यही धम्मशीलाकडेच बघून बोले. "सांग तिले, घाई नाई."

जस्ताची गोष्टही अशीच निघाली. महामायानं चार दिवस धम्मशीलाचं घासणं, तेल पुसणं बघितलं, आणि मग तिच्याजवळ येऊन बसली. "ताई, तेल किती दिस पुरन? दोन पाणी लागले का गेलं. त्यायले म्हणा, जस्त चढवा."

"ती म्हणते जस्त चढवा."

"इचार तिले, घरी होते का थे? कंपनीचं काम हाय."

"सांगा त्यायले, बादलीत होते."

आणि खरंच बादलीत झालं. कृषी केंद्रातून पिकाला टाकायचं झिंक सल्फेट आणलं. कॅरम बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर आणली. विहिरीचं पाणी चालेना, म्हणून पिण्याच्या पाण्याचे कॅन विकत आणून त्यात ते विरघळवलं. टॉर्चच्या जुन्या सेलांची जस्ताची टरफलं काढून, सपाट करून बादलीच्या दोन बाजूंना टांगली. मधी तांब्याच्या तारेला लटकवला एक बोल्ट, रॉकेलनं, सोड्यानं, मग ॲसिडच्या पाण्यानं धुऊन अगदी कोरा केलेला. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर. प्लसची तार जस्ताला, मायनसची बोल्टाला.

या सगळ्या दिवसांत एकेक वाक्य धम्मशीलाच्या तोंडातून गेलं. प्लस कुठं, मायनस कुठं, पाणी किती कोमट, तार किती जाड. ती मधी उभी राही आणि दोन्हीकडून शब्द येत, जसे दोन शेतांचे पाट एकाच दांडातून वाहावेत. कधी ती त्यात आपलंही थोडं ओती. तो नुसता "जमलं" म्हणे, ती सांगे, "ते म्हणतेत, लय झ्याक जमलं वं." महामाया लाजे. आपल्या शब्दानं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो याची धम्मशीलाला गंमत वाटे. पहिला बोल्ट बादलीतून निघाला तेव्हा चांदण्यातल्या नदीच्या गोट्यासारखा दिसत होता, पांढुरका, थंड. बुढीनं तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, "मह्या दाताइले चढते का वं हे?"

तिघंही हसली. त्या हसण्यात मधी धम्मशीला होती.

रीत मोडली ती एका सकाळी. टाकी धुवून उरलेलं ब्लीचिंग पावडरचं पाणी धम्मशीलानं एका बादलीत तसंच ठेवलं होतं. संघपालला ते साधं पाणी वाटलं. त्यानं ॲसिडचा कॅन उचलला, तिरपा केला.

"दादा, थांबा. त्याच्यात नाई."

महामायाच होती ती. तिनं धावत येऊन कॅनच धरला होता. नंतर कळलं की ते दोन एकत्र झाले असते तर जो धूर उठला असता त्यानं माणूस छाती धरून पडला असता. तेव्हा मात्र धम्मशीलाला एवढंच जाणवलं, की आपलं तोंड उघडं आहे, "काय झालं वं" विचारायला, आणि विचारायची कोणाला गरज राहिलेली नाही. संघपाल महामायाकडे बघत होता, सरळ.

"बरं केलं," तो म्हणाला. तिलाच म्हणाला.

सगळ्यांनी बुढीकडे बघितलं. भिमाबाईंनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "जीव वाचवाले तोंड उघडलं तं काय पाप लागते काय. बोला आता. नाईतरी मले तुमची तिहेरी बडबड आयकून आयकून कटाळा आलता."

असं ते झालं. एका "थांबा"नं.

त्या दिवसापासून मांडवाखालचं बोलणं थेट झालं, आणि थेट झालं तसं वाढलं. किती करंट, किती वेळ, कोपऱ्यात जस्त जळकं का येतं, खाचेत का पोचत नाही. धम्मशीलाला त्यातलं अर्धं समजे, पण समजलं काय नि न समजलं काय, तिच्यावाचून काही अडत नव्हतं. तिचं पोतंही सरकलं. घासल्याची धूळ बादलीत पडते म्हणून ते आधी मांडवाच्या कडेला गेलं, मग निंबाखाली. एकदा तिनं कौतुकानं तारेवरचा नट हातात घेतला, तर महामाया चटकन म्हणाली, "ताई, तेलाचा हात नका लावू जॉबले. तिथं जस्त धरत नाई."

ती वाईट बोलली नव्हती. खरंच धरत नाही. त्या नटावर पुढे धम्मशीलाच्या अंगठ्याचा ठसा काळा, उघडा राहिला आणि बाकी सगळा चकाकला. तिनं तो ठसा बघितला आणि आपला अंगठा पदरात लपवला.

गिऱ्हाईकं येत ती आता विचारत, "वाळूजवाल्या ताई हायेत का?" संघपाल सांगे, "आमच्या घरी कंपनीच आली आता." जेवताना सांगे, पाणी पिताना सांगे. धम्मशीला भाकरी वाढता वाढता म्हणे, "हाव, लय हुशार हाय ते," आणि पुढची भाकरी ताटात जराशी वरून पडे.

संशय म्हणाल तर नव्हता. संशय असता तर भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं, चार बायकांत रडता आलं असतं. महामाया धुतल्या तांदळासारखी होती आणि संघपाल भोळा. याचंच तिला जास्त लागे. चूक कोणाचीच नसली की राग ठेवायला जागा सापडत नाही. तो मग छातीतच घर करतो, उंदरासारखा, आणि तिथलंच कुरतडतो.

एक दिवस निंबाखालून तिनं बघितलं: संघपालनं मान वर न करता हात पुढे केला. आणि त्या हातात महामायानं तांब्याची तार ठेवली.

बस, एवढंच. त्याच्या लक्षातही आलं नाही. तो काम करत राहिला. धम्मशीलाच्या हातातला पॉलिश पेपर त्या दिवशी लोखंडाबरोबर बोटाचं कातडंही घासून गेला, आणि ती आपल्याशीच गुणगुणत राहिली, तिची आई जात्यावर गाई त्या चालीत, शब्द तिचे तिनंच जुळवलेले:

दोघांच्या गं मंधी माझा, शब्द चाले वाटसरू,
आता वाट झाली थेट, सांग शब्दा काय करू.

"काय गाऊन राह्यली वं?" बुढीनं विचारलं.

"काई नाई आई. लोखंड झोपवते."

हरभरा पेरायचे दिवस आले, जमिनीची ओल पेरणीजोगी, वापशावर आली. भाजीपाला आणि हरभरा करणारे अर्जुनराव आपल्या पेरणीयंत्राच्या स्प्रिंगा घेऊन आले, दाताळांवरच्या, मनगटाएवढ्या जाड, गंजानं तांबड्याभडक. "संघपालभाऊ, वापसा आला हाय. दोन दिवसात पायजे. थे तुमचं चांदीसारखं करून द्या."

स्प्रिंगांचा गंज जुना, म्हणून त्या ॲसिडात बराच वेळ ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादलीत उतरल्या. त्याच दिवशी महामायाला लोणारला जायचं होतं, भावाच्या मुलीचं नामकरण होतं. संघपाल बेअरिंग आणायला भल्या पहाटेच शेगावला गेलेला. एसटीची वेळ झाली. महामाया पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"ताई, एक गोष्ट ध्यानात ठेवसान? स्प्रिंगा दुपारी निघतीन. निघाल्या का त्या आजच्या आज तापवा लागतेत. नट-बोल्टले नाई लागत, स्प्रिंगले लागते. ॲसिडात अन् बादलीत लोखंड बारीक हवा पेते. नरम लोखंडाले काई होत नाई. स्प्रिंग कडक; तिच्या अंगात थे हवा कोंडते. मंग ताण बसला का कट."

धम्मशीला परातीतलं पीठ मळत होती.

"कंपनीत भट्टी होती. इथं कढईत रेती तापवा, ज्वारीचा दाणा टाकला का त्याची लाही झाली पायजे, तेवढी. त्या रेतीत स्प्रिंगा पुरून ठेवा दिवस मावळेपर्यंत. जाळ कमीजास्त नाई झाला पायजे. दादाले सांगा. नाईतर तुमीच करून टाका ताई, चूल तुमच्यावाणी कोणाले सांभाळता येते?"

धम्मशीलाच्या कानात शिरलं ते एकच: दादाले सांगा. इतके दिवस नाही आठवली, आज एसटी चुकायला आली तेव्हा आठवली. मधली बाई, पुन्हा निरोप्या.

"हाव," ती म्हणाली.

दुपारी संघपाल परत आला. स्प्रिंगा बाहेर काढून, धुऊन, फडक्यानं पुसून त्यानं उन्हात टांगल्या, आणि लांब उभं राहून त्यांच्याकडे बघत राहिला. खरंच चांदीच्या वाटत होत्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "काई सांगून गेली का महामाया?"

चूल पेटलेली होती. कढई खुंटीला टांगलेली होती. दारामागं रेतीचं घमेलं होतं, भांडी घासायचं. धम्मशीलानं भाकरी उलटली.

"नाई."

"काईच नाई?"

"तुमचं तिचं बोलणं होतेच ना रोज. मले काय सांगन ते?"

तो हसला. तिच्या बोलण्यातली धार त्याला कळलीच नाही. तो भोळाच होता. "चाल, दोन पंप पडून हायेत," तो म्हणाला, "थ्यायचे नट घासून दे."

तिनं पोतं उचललं आणि कितीतरी दिवसांनी मांडवाखाली टाकलं, त्याच्यासमोर. मध्ये घमेलं. उन्हात स्प्रिंगा लुकलुकत होत्या, वाऱ्यावर एकमेकींना टेकून किणकिणत होत्या. त्यानं हात पुढे केला, तिनं पाना ठेवला. त्यानं पुन्हा केला, तिनं पक्कड ठेवली. त्या दुपारी तिला हवं ते सगळं मिळालं, आणि तरी मधूनमधून तिची नजर चुलीच्या धुराकडे जाई. अजून वेळ आहे, असं एकदा वाटलं. आता सांगू, विसरले म्हणू. मग त्यानं काहीतरी साधंच विचारलं, तिच्या आईचा गुडघा कसा आहे असं, आणि ती उत्तर देत बसली. उत्तर लांबत गेलं. ऊन उतरलं. अर्जुनरावांचा माणूस आला आणि स्प्रिंगा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव स्वतः आले. मोटारसायकल उभी करून त्यांनी पिशवीतून एकेक तुकडा काढला आणि मांडवाखाली मांडला. चकाकते तुकडे. तुटल्या जागी आतलं लोखंड दाणेदार, साखर फुटावी तसं.

"भाऊ, हे काय दिलं तुमी मले?"

"काय झालं? दगडाले लागलं का यंत्र?"

"यंत्र वावरात गेलंच नाई ना. काल फिट केल्या, यंत्र अंगणात उभं. राती कट आवाज आला, आमाले वाटलं मांजर हाय. सकाळी पाह्यतो तं दोन तुटलेल्या. बैलानं शिंग लावलं नाई, कोणी हात लावला नाई. मी तिथं च्या घेऊन राह्यलो, तं माह्या डोळ्यादेखत तिसरी गेली. तुकडा माह्या बायकोच्या, सुभद्राच्या कानाजवळून गेला अन् टिनाले भोक पडलं." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्त लागला. "लागलं असतं तं काय केलं असतं, सांगा."

संघपालनं तुकडा हातात घेतला. त्याच्या हाताला काही कळेना. लोखंडाशी त्याचं आयुष्य गेलं होतं. लोखंड वाकतं, झिजतं, सडतं. उभ्या उभ्या बिस्किटासारखं मोडलेलं त्यानं बघितलं नव्हतं.

"अर्जुनभाऊ, मी दुसऱ्या..."

"वापसा थांबत नाई भाऊ कोणासाठी. मी पातुर्ड्याहून दुसरं यंत्र सांगतलं हाय." आणि जाता जाता ते म्हणाले, "तुमचं आपलं जुनं बरं होतं. तेलाचं."

हे शब्द धम्मशीलानं निंबाजवळून ऐकले. कोणी दुसऱ्या वेळी म्हटले असते तर तिनं ते पदराच्या गाठीला बांधून ठेवले असते.

संघपाल दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी त्यानं चार्जर काढला, तारा गुंडाळल्या, बादलीवर पोतं टाकलं. "बंद," तो कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाला. "तिले माहीत नसन का? कंपनीत काम केलं म्हणते. कोणाचा कान गेला असता, डोळा गेला असता. सांगाले काय झालतं?" धम्मशीला भांडी घासत होती. रेती तिच्या मुठीत होती. ती घासतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं महामाया आली. चेहऱ्यावर माहेरचं हसू, हातात लाडवांचा डबा. "दादा, लेकराचं नाव..." म्हणत ती मांडवाखाली शिरली, आणि थांबली. बादलीवर पोतं. फळीवर मांडलेले तुकडे.

संघपालनं तिच्याकडे पाठ केली. तोंड धम्मशीलाकडे केलं.

"इचार तिले," तो म्हणाला, "स्प्रिंगले काई येगळं करा लागते, हे तिले माहीत होतं का नाई."

हेच धम्मशीलानं मागितलं होतं. सगळे शब्द पुन्हा तिच्या दारातून. दोन पावलांवर उभ्या असलेल्या बाईला आता तिच्यावाचून त्याच्यापर्यंत पोचता येणार नव्हतं, आज नाही, कदाचित कधीच नाही.

"माहीत होतं का वं?" तिनं विचारलं. आवाज तिचाच, पण लांबून आल्यासारखा.

महामायानं फळीवरचा एक तुकडा उचलला, तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. तिला काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. मग तिनं धम्मशीलाकडे बघितलं. बादलीतून काढलेला जॉब ती जसा बघे, कुठं चढलंय, कुठं उघडं राहिलंय, तसं.

"ताई," ती म्हणाली, "त्यायले काय सांगाचं थे तुमीच सांगा."

आणि डबा खाली ठेवून ती उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर धम्मशीला जिंकली असती, तिचं तोंड काही लहान नव्हतं.

"अवं सांग ना," बाजेवरून बुढी म्हणाली. "काय म्हणते ते?"

नव्हतं माहीत म्हणते. एवढे तीन शब्द, आणि पोतं बादलीवर कायमचं. तिचं पोतं मांडवाखाली कायमचं. धम्मशीलानं ते शब्द तोंडात घोळवून बघितले. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे तोंड करून होता, पण बघत नव्हता. त्याची नजर जमिनीवर, हात मांडीवर उताणे. ते हात कोणाकडेच काही मागत नव्हते. चार दिवसांपूर्वीचा माणूस, जो एका बोल्टानं सकाळभर आनंदी राहायचा, तो त्या हातांत कुठं दिसत नव्हता. तिला त्याच्याजवळची जागा हवी होती. जागा मिळाली होती. तोच तिथं नव्हता.

"ती म्हणते," धम्मशीला म्हणाली, "माहीत होतं."

संघपालची मान वर आली. "मंग इचार तिले, सांगतलं काऊन नाई?"

धम्मशीलानं महामायाकडे बघितलं नाही.

"ती म्हणते, सांगतलं होतं." तिनं पदराला हात पुसले. "मले."

संघपालनं विचारलं, आणि त्या विचारण्यात त्यानं तिच्यासाठी एक फट ठेवली होती, निघून जाण्यापुरती. "इसरली का तू?"

"नाई. इसरली नाई."

"मंग?"

"तुमी मले काई सांगत नव्हते," ती म्हणाली. ऐकताना तिलाच ते लहान पोरीसारखं वाटलं. पण दुसरं काही नव्हतंच. "मंग म्याही नाई सांगतलं."

बुढीनं तंबाखूची डबी उघडली आणि न घेताच मिटली. संघपाल उठला. तो ओरडेल असं धम्मशीलाला वाटलं, ओरडावं असंही वाटलं. तो हौदाकडे गेला, हातपाय धुतले, परत आला आणि महामायाला म्हणाला, थेट, "काय करा लागते स्प्रिंगले?"

"ताईले इचारा," महामाया म्हणाली. आवाज गार होता. "म्या त्यायले सगळं सांगून गेली होती. पुन्हा नाई सांगणार." आणि डबा उचलून ती आत गेली.

मग धम्मशीलानं सांगितलं. लोखंड हवा पितं ते, ती अंगात कोंडते ते, कढई, रेती, ज्वारीची लाही, दिवस मावळेपर्यंतचा सारखा जाळ. एकही शब्द गळला नव्हता. त्या सकाळपासून ती तो निरोप पोटात घेऊनच फिरत होती. संघपाल खाली बघून ऐकत होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "अर्जुनभाऊकडे जातो मी. काय सांगू?"

"खरं काय थे सांगा," ती म्हणाली. "नाईतर मी येते. मीच सांगते."

ती गेली. सुभद्राबाईंच्या अंगणात उभी राहून तिनं सांगितलं, आणि टिनाचं भोकही बघून आली. अर्जुनरावांनी जुन्या स्प्रिंगांपैकी न तुटलेल्या परत दिल्या नाहीत, म्हणाले, "नव्या करून आना, मंग पाहू." तेवढंच.

नव्या स्प्रिंगा आणायला आणि बादली पुन्हा लावायला चार-सहा दिवस गेले. या दिवसांत महामाया धम्मशीलाशी बोलली नाही. भाकरी एकत्र थापल्या, पाणी एकत्र भरलं, पण शब्द नाही. मांडवाखाली मात्र तिचं आणि संघपालचं काम पुन्हा सुरू झालं. धम्मशीला चुलीपाशी बसून ऐके. ते काही समजून हसले की तिच्या छातीत अजूनही कुरतडे; तिला वाटलं होतं एकदा खरं बोललं की ते जाईल, पण ते गेलं नव्हतं. ते तिथंच राहणार होतं बहुतेक, खाऱ्या पाण्यासारखं. तिनं रेती चाळून कढईत ओतली, लाकडं आत सारली, एक मागं ओढलं.

दारात संघपाल येऊन उभा राहिला. हातात ओल्या, पांढुरक्या स्प्रिंगा, मान जराशी अवघडलेली.

"ती इचारते," तो म्हणाला, "रेती तापली का."

धम्मशीलानं वर बघितलं. मांडव चार पावलांवर होता. महामाया तिथं पाठमोरी उभी, सगळं ऐकू येईल अशी.

"सांगा तिले," धम्मशीला म्हणाली, "आजून जराक."

तो वळला. "म्हणते, जराक येळ हाय."

"इचारा त्यायले," मांडवाखालून आलं, "येवढा येळ कायले? जाळ कमी हाय का?"

"ती म्हणते..." संघपाल पुन्हा दारात आला, आणि थांबला. "काय म्हणे ते? जाळाचं काईतरी."

"जाळ कमी नाई म्हणा. येकदम वाढवला तं रेती वरून तापते अन् खालून थंडी राह्यते, म्हणा. सारं सांगजा. मंधातलं खाऊ नोका."

"आता ग माय," संघपाल म्हणाला, आणि स्प्रिंगा हातात तशाच धरून पुन्हा मांडवाकडे निघाला.